जमिनीची जागा आणि मातीचा कस

(हर्णे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दापोलीहून हर्णेला येणारा रस्ता जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरांचा आहे. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर, जांभ्याच्या पठारावर वसलेली. तिथून निघालेला रस्ता आसूदच्या बागांजवळून उतरतो, सखल भागातल्या भातखाचरांच्या कडेने येतो आणि शेवटी माडांच्या आगरांतून पुळणीला भिडतो. हर्णेच्या उत्तरेला, आंजर्ल्याच्या वाटेवर, जोग नदीची खाडी लागते आणि खाडीकाठी खाजणे लागतात. एवढ्याशा टापूत पाऊस सगळीकडे सारखाच, वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर. ऊन आणि वारा सारखेच. पुळण आणि खाडीचा गाळ सोडला तर मुळातला खडकही एकच, दख्खनचा काळा पाषाण. तरीही सड्यावर गवताखेरीज काही धड उगवत नाही, उतारावर नाचणी-वरी कशीबशी येते, खाली भात पिकतो आणि समुद्राला लागून असलेल्या वाळूत माड-पोफळी डोलतात. हा फरक कशाने पडतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. माझे म्हणणे असे की, कोकणातल्या मातीत कोणते पोषणद्रव्य किती आहे आणि त्यातले पिकाला किती मिळेल, हे जिल्ह्याच्या किंवा मातीच्या नावावरून कळत नाही. ती माती उताराच्या कोणत्या पायरीवर आहे यावरून कळते. म्हणून खताचा, माती परीक्षणाचा आणि जमीन सुधारण्याचा विचार एकेका तुकड्यापुरता न करता सड्यापासून खाडीपर्यंतच्या सबंध उताराचा करायला हवा.

सुरुवात सड्यापासून करू. ज्याला आपण जांभा म्हणतो, त्याला १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातल्या विटांसारख्या कापून काढता येणाऱ्या दगडावरून लॅटेराइट हे नाव दिले. तो तयार होतो तो धुपून आणि झिरपून. काळ्या पाषाणात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतो; मॅग्नेशियम असते; सिलिका तर जवळजवळ निम्मी असते; पालाश मात्र मुळातच कमी असतो. उष्ण हवेत हजारो-लाखो वर्षे पावसाचे पाणी या खडकातून झिरपत राहिले की कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पालाश ही विरघळणारी द्रव्ये आधी निघून जातात. त्यांच्या मागोमाग सिलिकाही बरीचशी जाते. मागे राहते ते न विरघळणारे लोह आणि अॅल्युमिनियम. दापोली तालुक्यात बॉक्साइट सापडते ते याच कारणाने: धुपण्याची ही क्रिया तिथे इतक्या टोकाला गेली की अॅल्युमिनियमचा खनिज साठा तयार झाला. खाणवाल्याला जे धन दिसते ते शेतकऱ्याच्या दृष्टीने पोषणद्रव्ये निघून गेल्याचा पुरावा आहे.

याच पाषाणावर सह्याद्रीपलीकडे काय झाले ते पाहिले की पावसाचे काम स्पष्ट होते. घाटावर वर्षाला पाचशे-सातशे मिलिमीटर पाऊस. तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियम मातीतच राहिले, सिलिका राहिली, आणि त्यांच्यापासून भेगाळणारी, फुगणारी काळी चिकणमाती झाली. पोषणद्रव्ये धरून ठेवण्याच्या क्षमतेत कोकणातली केओलिनाइटची चिकणमाती आणि घाटावरची स्मेक्टाइटची चिकणमाती यांची तुलनाच होत नाही: शंभर ग्रॅम शुद्ध खनिजामागे पहिलीची क्षमता तीन ते पंधरा एकक, तर दुसरीची ऐंशी ते दीडशे. घाटावरच्या मातीचा सामू आठाच्या आसपास, म्हणून तिथे लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. आपल्याकडे सामू पाच ते साडेसहा, आणि लोह हवे त्याहून जास्त. पुण्याच्या बाजूचा खतांचा तक्ता कोकणात चालत नाही, एवढे आता सर्वांना पटले आहे. जे पुरेसे पटलेले नाही ते हे की सड्यावरचा तक्ता खाचरातही चालत नाही.

हान्स जेनी या शास्त्रज्ञाने १९४१ साली माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, जीवसृष्टी, भूरूप, मूळ खडक आणि काळ. दापोली ते हर्णे या पट्ट्यात पहिला घटक जवळपास सारखा, आणि उताराच्या मोठ्या भागात चौथाही. उरतात ते भूरूप आणि त्याच्या हातात हात घालून चालणारे काळ व जीवसृष्टी. त्याआधी, १९३५ मध्ये, पूर्व आफ्रिकेत मातीचे सर्वेक्षण करताना जेफ्री मिल्न याने दाखवून दिले होते की टेकडीच्या माथ्यापासून दरीच्या तळापर्यंत मातींची एक ठरावीक साखळी असते आणि तीच साखळी टेकडीमागून टेकडीला पुन्हा पुन्हा दिसते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की साखळीतल्या दोन माती शेजारी शेजारी असल्या तरी स्वतंत्र नसतात. वरची माती जे गमावते त्यातले काही खालची मिळवते. सड्यावरून धुपलेली बारीक माती, विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका, पानांचा कुजका: हे सारे पाण्याबरोबर खाली येते. आसूदच्या पोफळीच्या बागा पाहताना हे ध्यानात ठेवावे. जांभ्याच्या सच्छिद्र थरात पावसाचे पाणी मुरते, खालच्या कठीण थरावर अडते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. सड्याची नापिकी आणि बागेचे पाणी या एकाच जांभ्याच्या दोन बाजू आहेत.

आता भातखाचर. माझ्या मते कोकणच्या मातीतला सर्वांत शिकवून जाणारा भाग हाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आम्लधर्मी तांबड्या मातीत स्फुरद नसतो असे नाही. तो लोह आणि अॅल्युमिनियमला घट्ट चिकटून बसतो. सुपर फॉस्फेट टाकले तरी त्यातला मोठा हिस्सा असाच अडकतो. वरकस जमिनीत, जिथे पाणी साचत नाही, तिथे तो वर्षानुवर्षे अडकूनच राहतो. पण तीच माती खाचरात आली, चिखलणी झाली, पाणी उभे राहिले की काही आठवड्यांत तिचे रसायनच पालटते. पाण्याखाली प्राणवायू संपतो; सूक्ष्मजीव लोहाचे रूप बदलतात; लोह विरघळू लागते आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो. सामूसुद्धा आपोआप वर चढून उदासीनतेच्या जवळ येतो. चुना घालण्याची गरजच उरत नाही. पाण्याखालच्या मातीच्या या रसायनाची तपशीलवार मांडणी फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोन्नाम्पेरुमा यांनी केली, पण कोकणातल्या शेतकऱ्याने बांध घालून, पाणी अडवून हे साधले होते त्याला शतके लोटली. उतारावर पायऱ्या कोरून केलेले खाचर पाणी राखते हे सगळ्यांना दिसते. ते अडकलेला स्फुरदही मोकळा करते, हे बाहेरून दिसत नाही.

पण याच जागी एक धोकाही आहे. उताराच्या अगदी पायथ्याला, जिथे वरून झिरपलेले पाणी जमिनीतून सतत वर येते, तिथे विरघळलेले लोह प्रमाणाबाहेर वाढते. पाण्यावर तांबूस, तेलकट दिसणारा तवंग येतो, भाताच्या मुळांवर गंज चढतो, पाने तपकिरी पडतात. रोप दुबळे दिसले म्हणून शेतकरी तिथे आणखी युरिया टाकतो आणि पैसा वाया जातो, कारण तिथे उणीव मुख्यतः पाण्याच्या निचऱ्याची आणि पालाशची असते. दोनशे पावले वर गेले तर अडचण नेमकी उलटी: तिथे पाणी टिकत नाही, म्हणून नत्र टिकत नाही. एकाच वाडीतल्या, कधी एकाच कुटुंबाच्या दोन तुकड्यांना असे दोन परस्परविरुद्ध उपाय लागतात.

पुळण आणि खाजण यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. पुळणीची वाळू पोषण धरून ठेवत नाही. तिच्यात शंख-शिंपल्यांचा चुना असतो, त्यामुळे ती आम्ल नाही, पण नत्र आणि पालाश पहिल्या मोठ्या सरीबरोबर खाली जातात. म्हणून माडाला खत एकदम न देता विभागून द्यावे लागते. खाजणात चित्र पुन्हा वेगळे: खाडीच्या गाळात पालाश आणि मॅग्नेशियमची वाण नसते, पण सोडियमचे मीठ त्यांच्यावर कुरघोडी करते. पावसाने वरचे मीठ धुतले गेले की त्या तीन-चार महिन्यांत भात येतो. बांध फुटून भरतीचे पाणी शिरले की वर्षांची मेहनत वाहून जाते. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि पुढे १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा हे या बांधांसाठीच झाले. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे भाताचे वाणही दिले. खाजणाचा कस खताच्या गोणीत शोधण्यापेक्षा बांधाच्या डागडुजीत शोधावा, हे त्या जमिनीला एकदा पाहिलेल्या कोणालाही पटेल.

या मांडणीवर पहिला आक्षेप येईल तो असा की, हे सारे निसर्गाच्या माथी मारू नका. हर्ण्या-मुरुडची आगरे माणसाने केली, पुळणीने नाही. आक्षेप खरा आहे, आणि मला तो मान्य आहे. वाळूत बाग उभी राहिली ती शेणखत, मासळीचे खत, पालापाचोळा आणि रहाटाचे पाणी यांवर. पण ही खते आली कुठून? पालापाचोळा वरकसातून आला, शेण सड्यावर चरलेल्या गुरांचे आले, मासळी समुद्रातून आली. जमाबंदीच्या नोंदींत भातजमीन, बागायत आणि वरकस असे भाग पडत, आणि वरकसाचे एक काम भाताच्या तरव्यासाठी राब, म्हणजे रोपांच्या जागेवर भाजायचा पालापाचोळा, पुरवणे हे होते. पाणी जसे वरून खाली पोषण आणते तसेच माणूस कवळ तोडून, भारे वाहून खाली आणत होता. राबासाठी झाडे तोडावी की नाही यावरून एकोणिसाव्या शतकात सरकार आणि ठाणे-कुलाब्याचे शेतकरी यांच्यात इतका तंटा झाला की १८८५ ते १८८७ या काळात मुंबई वन आयोगाला त्यात लक्ष घालावे लागले. पुढे १९१२ साली हॅरॉल्ड मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी राबाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा माणसाचा हात भूरूपाच्या विरुद्ध गेला नाही. तो भूरूपाच्या कलानेच चालला. राब भाजणे पुन्हा सुरू करावे असे मी सुचवत नाही, कारण त्याने वरचा डोंगर उघडा पडत होता. पण सड्याचे, वरकसाचे आणि खाचराचे नाते त्या शेतकऱ्याने ओळखले होते, हे आपण विसरलो आहोत.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे. माती परीक्षणाचा अहवाल हातात असताना भूरूपाची चर्चा कशाला? अहवालात आकडे असतात, आकड्यांवरून खत ठरते. इथे तीन गोष्टी पाहाव्या लागतील. पहिली नमुन्याची. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत जिरायत भागासाठी दहा हेक्टरांच्या चौकोनामागे एक नमुना घ्यायचा असे ठरले. दहा हेक्टरांचा चौकोन म्हणजे बाजूला सुमारे तीनशे सोळा मीटर. विदर्भाच्या सपाट काळ्या रानात एवढ्या अंतरात माती फारशी बदलत नाही. कोकणच्या उतारावर तेवढ्यात कातळ, वरकस, खाचर आणि ओढा अशा चार पायऱ्या येऊ शकतात. त्यांची सरासरी कोणत्याच शेताची नसते. दुसरी गोष्ट अर्थाची. सेंद्रिय कर्ब पाऊण टक्क्याच्या वर असला की तक्त्यात नत्राची पातळी चांगली धरण्याची प्रथा आहे. कोकणात कर्ब अनेकदा एक टक्क्याच्या पुढे असतो, कारण आम्ल मातीत, लोह-अॅल्युमिनियमच्या साथीने कुजका लवकर जळत नाही. म्हणजे नत्र साठ्यात आहे, पिकाच्या ताटात नाही. आणि जे मोकळे होते ते जूनच्या पावसात खाली जाते. तिसरी गोष्ट पद्धतीची. स्फुरद मोजण्याची ऑल्सेन पद्धत चुनखडीच्या मातीसाठी निघाली, ब्रे पद्धत आम्ल मातीसाठी. आणि दोन्ही पद्धतींत नमुना वाळवून, चाळून घेतात. ज्या खाचरातला स्फुरद पाण्याखाली मोकळा होणार आहे, त्याचा वाळवलेला नमुना ती गोष्ट सांगणारच नाही. परीक्षण करू नये असे मी म्हणत नाही. परीक्षणाचा आकडा कोणत्या पायरीवरचा आहे हे ठाऊक असेल तरच त्याचा अर्थ लावता येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरदार आहे, आणि त्याचे उत्तर सहज देता येत नाही. ब्राझीलमधल्या सेराडो प्रदेशातली मातीही अशीच आम्ल, धुपलेली, लोह-अॅल्युमिनियमची. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या एम्ब्रापा या संशोधन संस्थेने तिथे भरपूर चुना आणि स्फुरद घालून सोयाबीनचे अफाट पीक उभे केले. मग कोकणातही तेच का नको? चुना आणि स्फुरद कोकणात उपयोगी आहेत, यात वाद नाही. पण सेराडो हे सपाट पठार आहे, तिथली माती कित्येक मीटर खोल आहे आणि पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास. तिथे घातलेला चुना मातीतच राहतो. आपल्या सड्यावर मातीचा थर कधी चार बोटांचा, खाली सलग कातळ, आणि वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत. कातळात सुरुंग लावून, खड्डे पाडून, बाहेरून माती आणून आंबा लावला जातो. त्यात कष्ट आहेत, धाडस आहे. पण तिथे माती म्हणजे फक्त तेवढा खड्डा. मोसमाच्या तोंडाशी पसरून दिलेले खत पहिल्या आठवड्यात ओढ्याला मिळते. सेराडोचे उदाहरण माझ्या मुद्द्याला छेद देत नाही. उपाय तोच असला तरी भूरूप बदलले की फळ बदलते, हेच ते दाखवते.

उताराचा हिशेब मांडून केलेले काम आपल्याकडे झालेच नाही असे नाही. १८ मे १९७२ रोजी दापोलीला कृषी विद्यापीठ उभे राहिले, आणि कोकणच्या जमिनीसाठी वेगळा विचार करण्याची सोय झाली. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भात लागवड मला या दृष्टीने फार मोलाची वाटते. पहिले सूत्र भाताच्या तुसाची राख तरव्यात आणि भाताचा पेंढा शेतात घालण्याचे. तुसाच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, आणि जांभ्याच्या मातीने नेमकी सिलिका गमावलेली असते. भाताला ती करपा व किडींशी झुंजायला लागते. दुसरे गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात गाडण्याचे: बांधावर लावलेल्या झाडाची पाने, ज्यात वाळल्या वजनाच्या अडीच-तीन टक्के नत्र असते, राबाची जागा घेतात आणि डोंगर उघडा पडत नाही. तिसरे ठरावीक अंतरावरच्या लावणीचे, आणि चौथे युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचण्याचे. खाचराच्या वरच्या पातळ थरात टाकलेला युरिया हवेत उडून जातो किंवा पाण्याबरोबर खालच्या खाचरात जातो. खोल, प्राणवायूविरहित थरात तोच नत्र मातीला धरून राहतो. ही चार सूत्रे म्हणजे खाचर या भूरूपाचे रसायन जाणून केलेली शेती आहे. ती वरकसात चालणार नाहीत, आणि हीच त्यांची खूण आहे.

ज्याची मला काळजी वाटते ते असे की, विद्यापीठाने शेतासाठी जे केले ते गावाने उतारासाठी केलेले नाही. वरकस पडीक पडते, कारण नाचणी-वरी करायला घरात माणूस नाही; घरटी एक माणूस मुंबईला. सड्यावर चिरेखाणी पडतात, पठार जेसीबीने सपाट होते, आणि मग खालच्या झऱ्याचे पाणी का आटले याचा शोध खालच्या वाडीत घेतला जातो. बांधाला दगड लावायला कुणी उरले नाही म्हणून खाचर फुटते आणि त्याची माती खाडीत जाते. प्रत्येक नुकसानीची नोंद त्या त्या सातबाऱ्यावर होते. उताराचा सातबारा नसतो. राज्यभराच्या जमिनींचे जे सर्वेक्षण झाले त्याचे प्रमाण एकास अडीच लाख होते. त्या नकाशावर दापोली ते हर्णे हे अंतर सहा सेंटिमीटरांच्या आसपास भरते. त्यात आसूदचा उतार दिसतो; एखाद्या वाडीचे खाचर कसे दिसेल? तो तपशील गावालाच भरावा लागेल.

म्हणून ग्रामपंचायतींना आणि इथे बसलेल्या बागायतदारांना माझी विनंती आहे. येत्या मे महिन्यात, पेरणीआधी, माती परीक्षणाला द्याल तेव्हा सड्याचा, वरकसाचा, खाचराचा आणि आगराचा नमुना वेगवेगळा घ्या. एकमेकांत मिसळू नका. भातासाठी वीस सेंटिमीटरांपर्यंतची माती घ्या, आंब्या-काजूसाठी थर थर करून खोलवरची. खत टाकल्याला निदान दोन महिने झालेले असावेत. अर्धा किलो मातीच्या प्रत्येक पिशवीत नाव आणि गट क्रमांकाबरोबर एक ओळ अधिक लिहा: ही जमीन उताराच्या कोणत्या जागी आहे, तिथे पाणी किती दिवस उभे राहते, आणि तिच्या वर काय आहे. प्रयोगशाळेला स्फुरद कोणत्या पद्धतीने मोजला ते अहवालावर लिहायला सांगा. गावचे असे शंभर-दीडशे अहवाल एका नकाशावर उताराच्या क्रमाने मांडा आणि तो नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावा. सड्यावर खाण किंवा सपाटीकरणाचा पुढचा ठराव येईल, तेव्हा तो त्या नकाशासमोर उभे राहून वाचा.